गाठ की फुगा?

तर झालं असं, की महिनाभर खोकला हटेना म्हणून सीटी स्कॅन काढला. फुप्फुसं एकदम ओके. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती : छातीच्या मधल्या हाडामागे, थायमस ग्रंथीच्या जागी, दोन सेंटिमीटरची गाठ. पुढे 'थायमोमा' आणि प्रश्नचिन्ह.

असले शब्द रात्री दोन वाजता नेटवर शोधायचे नसतात. मी शोधला. ट्यूमर! सकाळी आई म्हणाली, "काढून टाकूया बाई एकदाची." मीही तयार झाले होते.

डॉक्टर मात्र थंडपणे म्हणाले, "आधी एमआरआय करू."

अहो, सीटीत दिसलंय ना? मग आणखी एक मशीन कशाला?

तर मंडळी, गोम इथेच आहे. सीटी घनता मोजतो, हाउन्सफिल्ड युनिटमध्ये. पाणी म्हणजे 0. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, त्यामुळे तिचा आकडाही 0 च्या आसपास हवा. पण आतल्या द्रवात प्रथिनं किंवा जुनं रक्त असेल, तर आकडा चढतो आणि सिस्ट चक्क भरीव गाठीसारखी दिसते. माझा आकडा होता 38. अशा संशयावरून छाती उघडायची आणि मग कळायचं, की ही तर साधी सिस्ट! असं अनेकांच्या बाबतीत झालंय.

एमआरआय वेगळा प्रश्न विचारतो. त्याच्या टी-2 चित्रांत द्रव पांढराशुभ्र चमकतो. मग शिरेतून गॅडोलिनियम देतात. भरीव गाठीला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे ती उजळते. सिस्टच्या आतला द्रव उजळत नाही. भिंत जाड असली किंवा आत एखादा भरीव तुकडा उजळला, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

कानातले काढून, कानात बोळे घालून पाऊण तास ड्रिल मशीनसारखी ठकठक ऐकली. "श्वास रोखा" म्हटलं की रोखला. यात किरणोत्सर्ग नाही, एवढाच दिलासा.

रिपोर्ट आला : पातळ भिंतीची सिस्ट, आत काहीही उजळलेलं नाही. ऑपरेशन कॅन्सल. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बघायचं, बस्स.

तुमच्या रिपोर्टवर असं प्रश्नचिन्ह आलं, तर नेट बंद करा आणि डॉक्टरांना एवढंच विचारा : ही गाठ भरीव आहे की द्रवाची, हे नक्की कशावरून ठरवलं?