पायरीवरची देवी, स्वयंपाकघरातली आई

नवरात्रात माटुंग्याच्या तमिळ मैत्रिणीकडे कोलू बघायला गेले होते. विषम संख्येच्या पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या: दशावतार, लक्ष्मी, सरस्वती, खाली वाणसामान मांडून बसलेलं चेट्टियार जोडपं. आजीच्या वेळची, रंग उडालेली मीनाक्षीही मानाने वर. एकेक बाहुली ट्रंकेतून काढून, पुसून मांडली होती मैत्रिणीच्या आईने. रोजचं सुंडलही त्यांच्याच हातचं. पण हळदकुंकू आणि विडा द्यायची वेळ झाली तशा त्या आत निघून गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले.

मी कुंकवाचा करंडा घेऊन आत गेले. त्यांनी हात मागे घेतला. बाहेर बायका बसल्या होत्या. त्या काय म्हणतील हे मला नव्हे, त्यांना सोसायचं होतं.

आपल्या हळदीकुंकवातही हेच चालतं. एकटीदुकटीच्या धिटाईने ते मोडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. मैत्रिणींनो, सण सोडा असं मी म्हणत नाही. यंदा आपल्या गटांनी आधीच जाहीर करावं: बोलावणं सगळ्या बायकांना, आणि नवरा आहे का, हे कुणी विचारणार नाही.