थेंब बुडायला हवा

मंडळाने गणपतीत रक्तदान शिबिर ठेवलं होतं. रांगेत माझ्या पुढे शेजारचा कॉलेजातला मुलगा, त्याच्या मागे मी. तिथल्या मुलीने त्याचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. मोरचुदाचं पाणी ते. द्राक्षबागेच्या घरात वाढलेय, रंगावरून लगेच ओळखलं. मुलाचा थेंब गोटीसारखा सरळ तळाला गेला. माझा वरच तरंगत राहिला. "काकू, तुमचं नाही घेता येणार," मुलगी म्हणाली आणि हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला.

रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान 12.5 लागतं. त्याहून कमी असलं की रक्त हलकं पडतं आणि त्या पाण्यात बुडत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तपासलं, 8.9 निघालं. आणि मी कोण? वय 46, वजन 64 किलो, दूधदुभत्याच्या घरातली, दोन वेळा पोटभर जेवणारी बाई. दम लागायचा तो वजनामुळे, पाय ओढायचे ते वयामुळे, असं मीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हाच आकडा 48 होता. एवढ्या बायका उपाशी झोपत नाहीत. पोट भरतंय, रक्त भरत नाही.

आपलं ताट बघा. भात, चपाती, भाकरी यांनी ताकद मिळते, आणि ती आपल्याला पुरेशी मिळते. बाकीच्या गोष्टी कमी पडतात, आणि रक्ताच्या बाबतीत पहिलं नाव लोहाचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशींत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि पाळी येणाऱ्या बाईला 29. भूक गड्याची मोठी, लोहाची गरज बाईची मोठी. वाढताना मात्र आपण भूक बघून वाढतो.

आता चहा. माझ्या मते खरा चोर हाच. धान्य-भाजीतलं लोह मुळातच अंगी लागायला कठीण, दहावा हिस्साही धड लागत नाही. त्यावर चहा प्यालं की चहातलं टॅनिन उरलेलं लोह धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. आपल्याकडे निम्मा नाश्ता म्हणजे चहा-चपाती. पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि बशीला लागून चहाचा कप ठेवायचा, म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. चहा सोडा असं मी सांगणार नाही, कारण मला स्वतःला ते जमलेलं नाही. फक्त जेवण-नाश्त्याच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली काढलेल्या आहारसूचनांतही हेच सांगितलंय. आमच्या घरी यावरून पंधरा दिवस धुसफूस झाली. मग दुपारचा चहा आपोआप साडेतीनला गेला.

चहाच्या उलट काम लिंबू करतं. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. लिंबू, पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, जेवणाबरोबरच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. उकळत्या आमटीत टाकलं तर आंबटपणा राहतो, क जीवनसत्त्व बरंचसं जातं.

लोह कशात असतं हे विचारायला बाहेर जायला नको. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमहून जास्त असतं, पॉलिशच्या तांदळात 1 सुद्धा नाही. मटकी, चवळी, हरभरा, मसूर, तीळ, माठ, अळीव, हे सगळं आपल्याच दुकानात आणि बाजारात आहे. कडधान्यात लोह अडकवून ठेवणारा एक घटक असतो. भिजवून मोड आणले की तो कमी होतो. मटकीला मोड आणून उसळ करायची आणि वर लिंबू पिळायचं, ही आजीची रीत शास्त्राला धरूनच आहे. भाजी लोखंडी कढईत केली तर त्यातूनही थोडं लोह उतरतं, आंबट भाजीत जास्त. भाजी झाली की मात्र दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि मुलं तोंड वाकडं करतात. मटण-मासे खाणाऱ्यांचं जरा सोपं, त्यातलं लोह अंगी चांगलं लागतं.

पण नुसत्या लोहाने रक्त होत नाही. हिमोग्लोबिनमधलं 'ग्लोबिन' हे प्रथिन आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 45 ग्रॅम. आपलं वरण असं असतं की वाटीचा तळ दिसतो. कोरडी डाळ माणशी मूठभर, साधारण 30 ग्रॅम, पातेल्यात पडली तर त्यातून 6-7 ग्रॅम मिळतात. एका अंड्यातूनही जवळपास तेवढेच. म्हणून वरण घट्ट करा, दुसऱ्या जेवणाला उसळ ठेवा, मूठभर शेंगदाणे खा. डाळीबरोबर भात किंवा भाकरी हवीच. एकातलं उणं दुसऱ्याने भरून निघतं.

पालेभाजीची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1928 साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरोदर बायकांना, त्यात गिरण्यांत काम करणाऱ्याही होत्या, एका प्रकारचा पंडुरोग जडत होता. यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त अर्काने त्या बायका बऱ्या होतात, हे विल्सबाईंनी दाखवलं. त्यात नेमकं काय होतं ते पुढे कळलं, फॉलिक अ‍ॅसिड. नाव पडलं पानावरून, कारण 1941 साली ते पालकातून वेगळं काढलं. ते पाण्यात विरघळतं आणि जास्त शिजवलं की जातं. म्हणून पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलेल्या भाजीचं हिरवं पाणी मोरीत जातं, त्याबरोबर तेही जातं. रक्ताला बी12 पण लागतं. ते फक्त दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी असाल तर दूध-दही चहात घातल्यापुरतं नको.

घरातल्या पुरुषांना एक विनंती. आज रात्री सगळे जेवून उठल्यावर स्वयंपाकघरात जा आणि पातेल्यात काय उरलंय ते बघा. उसळीतले दाणे संपलेले असतात, रस्सा असतो. बायकोने पातेल्यातच भाकरी कुस्करून घेतलेली असते, "मला एवढं बास." तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. एवढं आधीच केलं असतंत तर माझं निम्मं लिहिणं वाचलं असतं.

आणि तपासणी करा. बाईचं हिमोग्लोबिन 12च्या खाली, गरोदर असेल तर 11च्या खाली, म्हणजे कमी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. कमी निघालं तर आपल्या मनाने दुकानातून टॉनिक आणू नका. अंगावरून जास्त जाणं, जंत, बी12ची कमतरता, विदर्भ-नंदुरबारकडे सिकलसेल, अशी कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही. पुरुषाचं 13च्या खाली असेल तर रक्त कुठून जातंय हे शोधायला हवं. मूळव्याध, पोटातली जखम, काहीही असू शकतं.

एकदा रक्त फार कमी झालं की नुसत्या जेवणाने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. मी चार महिने घेतल्या आणि 11.8 ला आले. गोळीने शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर लोहाची गोळी घेऊ नका. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. आकडा वर आला म्हणून लगेच बंद करू नका. अंगातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात, किती ते डॉक्टरांना विचारा. गरोदरपणी मिळणाऱ्या लाल गोळ्यांनी बाळ काळं होत नाही. त्या 180 दिवसांच्या असतात. सुनेच्या कपाटात पाकिटं तशीच पडली असतील तर सासूबाईंनी विचारायला हरकत नाही, फक्त आवाज जरा खाली ठेवून.