पायवाट पाडणारे

२४ जुलै १८४७ रोजी मॉर्मनांचे नेते ब्रिगहम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. यूटात हा दिवस दरवर्षी साजरा होतो; हातगाड्या ओढत आलेल्या, १८५६च्या बर्फात गारठून मेलेल्या पूर्वजांची आठवण निघते. ती निघायलाच हवी.

पण मॉर्मन पूर्वजांत मला सर्वांत मोठी वाटते ती जेन मॅनिंग जेम्स. ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. १८४३ मध्ये बफेलोला बोटीवर जागा नाकारली, तेव्हा ती कुटुंबासह शेकडो मैल चालत नॉवू या मॉर्मनांच्या गावी पोचली. जोडे झिजले, पाय फुटून रक्त आलं. पुढे मंदिरातल्या सर्वोच्च विधींसाठी तिने पुन्हा पुन्हा अर्ज केले. वर्णामुळे ते नाकारले गेले. १९०८ मध्ये ती वारली, श्रद्धा न सोडता. हा अन्याय सांगितल्याशिवाय तिचा गौरव अपुराच.

मॉर्मन चर्चने कृष्णवर्णीयांवरची ही बंदी १९७८ मध्ये उठवली. पण त्याआधीच घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी १९६४ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा मॉर्मनांचा धर्मग्रंथ वाचून, कुणाच्या मान्यतेविना, मंडळ्या उभ्या केल्या होत्या. चौदा वर्षांनी मिशनरी आले, तेव्हा शेकडो माणसं बाप्तिस्म्याची वाट पाहत होती.