खटका नवा, की फक्त गाडी नवी?

विजेच्या मोटारी चालवणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: ‘गन निघत नाहीये.’ चार्जिंग संपलेले असते, पैसे कापले गेलेले असतात, मागे दुसरी गाडी ताटकळत असते आणि गन सॉकेटमध्ये घट्ट बसलेली. मग गाडी लॉक करून बघा, अनलॉक करून बघा, माहितीपुस्तिकेत शोधून आतली आपत्कालीन दोरी ओढा. वैताग खरा आहे. पण ज्या खटक्यावर आपण चिडतो, तो मुळात तिथे का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

फास्ट चार्जरमधून गाडीत जाणारा प्रवाह डीसी असतो आणि सीसीएस-२ गनमधून तो शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे चालू उपकरणाचा प्लग खेचला तरी पडलेली ठिणगी बहुधा तिथल्या तिथे विझते. डीसीला असा शून्याचा क्षणच नाही. भर प्रवाहात गन उपसली तर पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये पेटलेला आर्क ताणला जात राहतो, तांबे वितळवतो, हात भाजतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी प्रवाह बंद, मग खटका मोकळा, मग गन बाहेर. घाईत असलेल्या माणसाकडून हा क्रम चुकू नये, एवढ्यासाठी तो खटका.

आणि हे साधण्याच्या रीती आता जुन्या झाल्या आहेत. अमेरिकेत २०१० पासून रूढ असलेला जे-१७७२ प्लग हातात घेतला की अंगठ्याखाली एक कळ येते. ती दाबली की पुढच्या टोकाची आकडी उचलली जाते. त्याच कळीखाली एक बारीक स्विच बसवलेला आहे. कळ मोकळी असताना गाडीला १५० ओहमचा रोध दिसतो. कळ दाबताच स्विच उघडतो आणि तोच रोध ४८० ओहम होतो. तेवढ्यावरून गाडीला कळते की बाहेरचा माणूस प्लग काढायला निघाला आहे, आणि संपर्क तुटायच्या आत ती प्रवाह घेणे थांबवते. दोन रोधक, एक स्विच, एक स्प्रिंग, एक तरफ. इतक्या कमी सामानात इतके महत्त्वाचे काम करणारी रचना मला फार देखणी वाटते. जपानच्या चाडेमो गनमध्ये खटक्याच्या जोडीला विद्युतचुंबकीय लॉक आले, म्हणजे प्रवाह चालू असेतो खटका सुटतच नाही. युरोपच्या टाइप-२ आणि सीसीएस-२ मध्ये कुलपाचे काम गाडीकडे गेले: सॉकेटच्या आतून छोट्या मोटरने सरकणारी पिन गनला अडकवून धरते. आपल्याकडे सुरुवातीला बसवलेल्या ‘भारत डीसी-००१’ चार्जरना चिनी जीबी/टी पद्धतीची गन होती. तिच्यावर पुन्हा अंगठ्याची कळ.

आता समजा, पेटंट कार्यालयात एक अर्ज आला आहे. पहिला दावा असा: ‘विद्युत वाहनाच्या चार्जिंग प्लगसाठी कुलूपयंत्रणा, जिच्यात प्लगच्या कवचावर बसवलेली तरफ, तरफेच्या टोकाची आकडी, तिला जागेवर दाबून धरणारी स्प्रिंग, तरफ हलल्याचे ओळखणारा संवेदक आणि त्या संवेदकाच्या इशाऱ्यावर प्रवाह घटवणारा नियंत्रक यांचा समावेश आहे.’ हा दावा मी नमुन्यादाखल रचला आहे, पण पेटंट जर्नल चाळणाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटेल. अर्जासोबत सुबक आकृत्या असतात, प्रत्येक भागाला आकडा दिलेला असतो आणि वर्णनात ‘सुरक्षित’, ‘सोयीस्कर’, ‘किफायतशीर’ हे शब्द ठिकठिकाणी असतात.

परीक्षकाने इथे काय करायचे? वर्णन बाजूला ठेवायचे आणि दाव्याचे तुकडे पाडायचे. तरफ: आधी होती. आकडी, स्प्रिंग: होती. कळ हलल्याचे ओळखणारा स्विच: २०१० च्या प्लगमध्ये आहे. इशारा मिळताच प्रवाह थांबवणे: तेही आहे. मग उरले काय? ‘संवेदक’ हा शब्द उरला. स्विचच्या जागी चुंबकीय सेन्सर टाकला तर ते संशोधन होते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात जवळपास हाच प्रश्न होता. मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरचे मागेपुढे सरकणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक सेन्सर जुना. दोन्ही एकत्र बसवले म्हणून पेटंट मिळालेले. न्यायालयाने ते टिकू दिले नाही. त्या क्षेत्रातला सर्वसाधारण जाणकारही थोडी कल्पकता बाळगून असतो, त्याला यंत्रासारखा समजू नका, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(फ) तर सरळच सांगते: ओळखीची उपकरणे नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापले जुनेच काम करत राहिला, तर ते संशोधन नाही.

खरी अडचण जुने कागद शोधण्यात आहे. पेटंटच्या वर्गीकरणात विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग प्लगना बी६०एल ५३/१६ हा खण दिलेला आहे. परीक्षकाने तेवढाच खण उघडला तर त्याला गेल्या दीड-दोन दशकांचेच कागद जास्त सापडतील आणि जुनी कल्पना नवी वाटेल. जोडलेले प्लग सुटू नयेत म्हणून केलेल्या युक्त्यांचा खण वेगळा आहे, एच०१आर १३/६३९, आणि तो गाड्यांच्या आधीपासून भरत आला आहे. त्याही पलीकडे, काही गोष्टी कागदांपेक्षा कारखान्यांत जास्त भेटतात. भोसरीच्या किंवा वाळूजच्या कोणत्याही शॉपमधल्या वायरमनला विचारा. थ्री फेजचे इंटरलॉक सॉकेट त्याने कित्येकदा हाताळलेले असते: स्विच ‘ऑफ’ केल्याशिवाय प्लग निघत नाही आणि प्लग नीट बसल्याशिवाय स्विच ‘ऑन’ होत नाही. विजेच्या मोटारी रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून हा क्रम लोखंडात आणि बॅकेलाइटमध्ये घडवलेला आहे. त्यावर ‘विद्युत वाहनासाठी’ असे दोन शब्द चढवून वीस वर्षांची मक्तेदारी मागणे मला मान्य नाही.

दाराशीच नीट तपासणी का हवी, याचे आपल्या देशातले उदाहरण भांड्यांच्या धंद्यातले आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजला १९५१ च्या तारखेचे एक पेटंट मिळाले. विषय होता लेथवर भांडे धरण्याचा. पूर्वी थाळीसारखी उथळ भांडी लाखेसारख्या पदार्थाने चिकटवून किंवा चकमध्ये पकडून घासत असत, आणि फिरता फिरता भांडे निसटून उडे. पेटंटधारकांनी समोरून टेलस्टॉकचा आधार दिला, भांडे पक्के राहू लागले. उपयोग झाला, यात वाद नाही. पण टेलस्टॉक हा लेथचा जुनाच भाग. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या व्यावसायिकांशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये न्या. सरकारिया यांनी लिहिलेल्या निकालाने ते पेटंट रद्द ठरले: ही कारखान्यात सहज होणारी सुधारणा आहे, संशोधनाची पायरी तिच्यात नाही. आजही यांत्रिक पेटंटच्या वादांत हा निकाल पुढे केला जातो.

मला त्यातला काळ अस्वस्थ करतो. त्या वेळच्या कायद्याने पेटंटची मुदत १६ वर्षे होती. म्हणजे जे पेटंट द्यायलाच नको होते, ते नको होते हे ठरेपर्यंत त्याचे आयुष्य केव्हाच संपलेले. दरम्यान किती छोट्या कारखानदारांनी कोर्टाच्या भीतीने ती पद्धत वापरलीच नसेल, याचा हिशेब कुठेच नाही. आणि कायदा स्वतःच कबूल करतो, कलम १३(४) मध्ये, की कार्यालयाने परीक्षण केले म्हणजे पेटंट वैध असल्याची हमी दिली असे नाही. हमी नाही, पण नोटीस पाठवायचा अधिकार मात्र पहिल्या दिवसापासून. भोसरीतल्या आठ कामगारांच्या मोल्डिंग युनिटला ती नोटीस आली तर ते वर्षानुवर्षे लढणार नाही, दुसऱ्या दिवशी साचा बाजूला काढून ठेवील.

तरीही ‘खटकाच तर आहे’ म्हणून यांत्रिक अर्ज फेटाळत सुटणे तितकेच चुकीचे होईल. उत्तर समोर आल्यावर ते सोपे वाटतेच. मोटारीतला पट्टा घ्या. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टेकूंचा सीटबेल्ट आणला, तेव्हा पट्टे नवे नव्हते. तीन टेकूंचा एक अमेरिकी पट्टाही आधी येऊन गेला होता. पण त्याचे बक्कल पोटावर येत असे आणि धडकेत तेच आतड्यांना इजा करी. बोलिन यांनी बक्कल कंबरेच्या बाजूला, सीटशेजारी नेले. छाती आणि कंबर एकाच पट्ट्याने बांधली गेली, आणि तो एका हाताने लावता येऊ लागला. कागदावर फरक वीतभराचा. परिणाम मात्र असा की आज आपण प्रत्येक जण तोच पट्टा लावतो. १९६२ मध्ये अमेरिकेने त्यावर पेटंट दिले, आणि ते योग्यच होते. व्होल्वोने पुढे ते सर्वांना वापरू दिले, हा त्या कंपनीचा मोठेपणा.

म्हणजे परीक्षकाने खटक्याचा आकार किंवा भागांची संख्या पाहू नये. जुन्या रचनेत नेमके काय बिघडत होते आणि नव्या रचनेने ते कशामुळे थांबले, हे विचारावे. जे-१७७२ ची आकडी गन खाली पडली की मोडते. कुणी अशी आकडी केली की मोडणारे टोक जागेवर बदलता येते, आणि टोक तुटलेले असताना प्रवाह सुरूच होत नाही, तर मी त्या अर्जाकडे आदराने बघेन. पावसाच्या पाण्याने आणि धुळीने कुलपाची पिन अडकते. त्यावर नेमका उपाय असेल तर तोही. असा दावा अरुंद असतो, आणि अरुंद दावाच खऱ्या संशोधकाला शोभतो.

हे ओळखण्यासाठी एक साधी सोय कायद्यात आहे आणि तिचा उपयोग व्हावा, ही माझी मागणी आहे. कलम १०(३) प्रमाणे पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरला अर्जदाराकडून प्रतिकृती किंवा नमुना मागवता येतो. खटक्याच्या बाबतीत तो मागवलाच पाहिजे. आकृतीत तरफ नेहमीच हवी तशी हलते. नमुना हातात घेतला, ओढून पाहिला, कळ अर्धी दाबून पाहिली की दहा मिनिटांत कळते की अर्जातले म्हणणे खरे किती आणि शब्दांचा फुलोरा किती. अमेरिकेतल्या परीक्षकाला एका अर्जामागे सरासरी १९ तासांच्या आसपास वेळ मिळतो, असे तिथल्या अभ्यासकांनी मांडले आहे. त्यातली ही दहा मिनिटे सर्वांत उपयोगी ठरतील.

हा प्रश्न आपल्याकडे आत्ताच महत्त्वाचा आहे, कारण गनची मानके अजून घडत आहेत. दुचाकी-तिचाकींसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १७०१७ मालिकेत एसी-डीसी एकत्रित कनेक्टरचे मानक आणले. त्याला आधार होता एथर या विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या कंपनीच्या कनेक्टरचा, आणि तो त्या कंपनीने २०२१ मध्येच इतरांना खुला केला होता. असे औदार्य प्रत्येक वेळी भेटेलच असे नाही. मानकात शिरलेल्या एखाद्या खटक्यावर ढिसाळ, ऐसपैस दावा मंजूर झाला, तर प्रत्येक गनमागे पैसे मोजावे लागतील, आणि ते शेवटी रिक्षावाल्याच्या खिशातून जातील.

इथे वाचकांचे, त्यातही टूलरूममध्ये, पॅनेल बनवणाऱ्यांकडे, प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काम करणाऱ्यांचे काम सुरू होते. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही लेखी विरोध नोंदवू शकते. ‘कोणीही’ म्हणजे वकील, कंपनी, विद्यार्थी, वायरमन, कोणीही. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने तरी पेटंट देता येत नाही, म्हणजे तेवढा अवधी हातात नक्की असतो. औषधांच्या अर्जांवर नुसता वेळ काढण्यासाठी विरोध होतात, अशी ओरड होती. म्हणून २०२४ च्या नियमांनी या विरोधावर शुल्क लावले आणि तो मुळात दाखल करून घेण्याजोगा आहे का, याची छाननी घातली. छाननी ठीक. शुल्क मात्र मला पटत नाही. अमेरिकेत २०१२ पासून त्रयस्थाला परीक्षकापुढे जुने कागद ठेवता येतात आणि पहिल्या तीन कागदांना पैसे पडत नाहीत. जो माणूस कार्यालयाचे काम हलके करतो, त्याच्याकडून आपण पैसे घेऊ नयेत. निदान एकट्या व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला यातून वगळावे.

तोवर एवढे करा. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते, संकेतस्थळावर फुकट वाचता येते. आपल्या धंद्यातला एखादा अर्ज दिसला तर त्याचा पहिला दावा वाचा. ‘हे तर आम्ही कधीपासून करतो’ असे वाटले तर पुरावा शोधा: छापील तारीख असलेला कॅटलॉग, जुने सही-तारखेचे ड्रॉइंग, बिल, प्रदर्शनातले माहितीपत्रक. दाव्यातला कोणता भाग त्यात कुठे दिसतो, ते एका पानावर लिहा आणि विरोध दाखल करा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण हे काम घरबसल्या ऑनलाइन होते. पुढचे जर्नल येत्या शुक्रवारी येईल.