बर्फात अडकलेल्या बोटीवरचा संसार



सांगलीकडच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलंय. त्यांची धाकटी लेक समुद्रविज्ञान घेऊन एम. एस्सी. करते आहे, आणि पुढंमागं ध्रुवाकडं जाणाऱ्या संशोधनाच्या बोटीवर जायचं म्हणते. आईचे प्रश्न सरळ आहेत. बोटीवर खायचं काय, झोपायचं कुठं, सगळे पुरुषच असतील का? शिवाय "आमच्या ह्यांचं म्हणणं, आधी लग्न उरकून टाकावं." लग्नाचं त्यांच्या घरात ठरेल, त्यात मी पडत नाही. बाकीचे प्रश्न मात्र अगदी रास्त आहेत. नववीला भूगोल शिकवते म्हणून मी या विषयावर थोडंफार वाचत असते. त्यातलं सांगते.

उदाहरणाला जर्मनीची एक बोट घेऊ. तिचं नाव पोलारश्टेर्न, म्हणजे चक्क ध्रुवतारा. आपण नव्या नवरीला दाखवतो तोच! ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेची ही बोट १९८२ साली कामाला लागली. लांबी ११८ मीटर, दुहेरी पोलादी अंग, आणि दीड मीटर जाडीचा बर्फ चालता चालता फोडायची ताकद. २०१९ च्या सप्टेंबरात ती नॉर्वेच्या ट्रॉम्सो बंदरातून निघाली आणि ४ ऑक्टोबरला उत्तर ध्रुवसागरातल्या एका मोठ्या हिमखंडाला बांधून घेतली. मुद्दामच! बर्फ वाहत जाईल तसं आपणही जायचं आणि वर्षभर हवा, बर्फ, पाणी मोजत बसायचं. नान्सेन नावाच्या नॉर्वेजियन माणसानं हाच उद्योग १८९३ ते १८९६ मध्ये 'फ्राम' नावाच्या लाकडी गलबतातून केला होता. त्याच्याबरोबर बारा जण होते, बाई एकही नाही. या खेपेला एका वेळी शंभरेक माणसं होती, पाळीपाळीनं बदलणारी, आणि त्यांत शास्त्रज्ञ बायका चांगल्या संख्येनं होत्या. या मोहिमेचं नाव मोझाइक.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथं चार-पाच महिने रात्रच असते, मग जेवायचं कधी?" मला तो प्रश्न फार आवडला, कारण बोटीवरचं सगळं त्यावरच चालतं. बाहेर काळोख असो की मध्यरात्री ऊन, घड्याळाप्रमाणं पंगत बसते. सकाळी न्याहारी, साडेअकराच्या सुमाराला जेवण, दुपारी कॉफी आणि केक, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला रात्रीचं जेवण. सूर्य उगवत नसेल तर माणसाला दिवस कळतो तो ताटावरूनच. जर्मन खलाशी गुरुवारला 'खलाशांचा रविवार' म्हणतात. त्या दिवशी काहीतरी खास करायची जुनी रीत आहे. आपल्याकडं गुरुवारी दत्ताचा उपास, आणि तिकडं मेजवानी!

पाव बोटीवरच भाजतात. भाजीचा हिशेब मात्र आपल्यासारखाच. कुठल्याही लांबच्या सफरीत पालेभाजी आणि टोमॅटो आधी संपवतात, मग कोबी, गाजर, सफरचंदं, आणि शेवटी बटाटे-कांदे, गोठवलेलं आणि डबाबंद. पाणी समुद्राचंच, खार काढून गोड केलेलं, म्हणून नळ उगाच सोडून ठेवायचा नाही. आणि प्लॅस्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्यानं बंदी आहे. म्हणजे वेगळं करून, साठवून परत आणायचं. आमच्या गल्लीत ओला-सुका कचरा वेगळा करायला किती कुरकुर चालते ते आठवून मला हसू आलं.

बर्फ फोडणाऱ्या बोटीचं बूड गोलसर असतं. बर्फात ती गुमान उभी राहते, पण उघड्या समुद्रात भलतीच डोलते. तेव्हा जेवणाच्या टेबलावर कापड ओलं करून अंथरायची जुनी युक्ती आहे. बशा घसरत नाहीत. (परात घसरते तेव्हा आपण खाली ओलं फडकं ठेवतोच की!) खोल्या बहुधा दोघांच्या असतात, एकावर एक पलंग आणि स्नानगृह खोलीलाच. पोलारश्टेर्नवर छोटा दवाखाना आहे, डॉक्टर आहे, शस्त्रक्रियेची सोय आहे. व्यायामाची खोली, इवलासा पोहण्याचा हौदसुद्धा आहे.

हे झालं बोटीच्या आतलं. काम सगळं बाहेर. मोझाइकच्या हिवाळ्यात तापमान उणे चाळीसच्याही खाली गेलं. बर्फावर दिवसभर राबायचं ते कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, आणि जवळ कुणीतरी बंदूक घेऊन पहाऱ्याला उभं, कारण पांढरी अस्वलं येतात. एक अस्वलीण पिल्लाला घेऊन त्यांच्या सामानाची पाहणीही करून गेली. नोव्हेंबरात वादळ झालं, बर्फाला भेगा पडल्या आणि बोटीवरून बाहेर नेलेल्या विजेच्या तारा तुटल्या. पुन्हा सगळं जोडायचं, काळोखात, बोटं बधिर झालेली असताना. अंगावर कपड्यांचे चार थर आणि मैलोगणती आडोसा नाही, म्हणजे बाईमाणसाची अडचण काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. पाळीच्या दिवसांची सोयही निघतानाच सगळ्या महिन्यांची बरोबर घ्यावी लागते, तीही वाढीव हिशेबानं.

वाढीव का, तेही सांगते. २०२० च्या फेब्रुवारीअखेर जी तुकडी तिथं पोचली, ती एप्रिलच्या सुरुवातीला घरी यायची होती. तेवढ्यात कोरोना आला, सीमा बंद झाल्या, विमानं रद्द. काही मोजके जण एप्रिलमध्ये छोट्या विमानांनी निघाले. बाकीचे तिथंच. शेवटी मे महिन्याच्या मध्यावर पोलारश्टेर्नलाच हिमखंड सोडून स्वालबार्डपर्यंत यावं लागलं. तिथं दोन जर्मन बोटींमधून नवी माणसं आणि सामान आलं, आणि जुनी माणसं जूनमध्ये घराकडं निघाली. घरी काय चाललंय, आईवडील बरे आहेत का, एवढं कळायला उपग्रहावरून आलेले चार शब्द. घरातल्यासारखं इंटरनेट तिथं नव्हतं. ताई, तुमच्या लेकीला तीन महिन्यांचे पाच महिने झाले तर निभेल का, हा विचार मी जेवणाखाण्याच्याही आधी करीन.

आता पुरुषांचा प्रश्न. गोड गोड सांगण्यात अर्थ नाही. याच मोहिमेत सुरुवातीला सोबत गेलेल्या अकादेमिक फेदोरोव या रशियन बोटीवर घट्ट, आखूड कपडे घालू नका अशी सूचना दिली गेली. कारण काय, तर बोटीवर महिनोन्‌महिने काम करणारे पुरुष आहेत. तिथं असलेल्या एका पत्रकार बाईनं २०२० मध्ये हे लिहिलं तेव्हा बराच वाद झाला. संस्थेचं म्हणणं, नियम सगळ्यांनाच होता. असेल. पण पुरुषांच्या नजरेची जबाबदारी बाईच्या कपड्यांवर टाकायची, हे काही मला पटत नाही, मग ती बोट असो की आमची शाळा. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाविषयी २०२२ साली एक अहवाल आला. त्यात ५९ टक्के बायकांनी तिथं छळाचा किंवा अत्याचाराचा अनुभव आल्याचं सांगितलं. तेव्हा मुलीनं जाण्याआधी लेखी विचारावं, की तक्रार कुणाकडं करायची, आणि तक्रार त्या वरिष्ठाविरुद्धच असली तर कुणाकडं? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ती बोट सोडून दुसरी बघावी.

म्हणून जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि बंगालच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ मध्ये तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर गोव्याहून अंटार्क्टिकाला गेल्या, तेव्हा तिथं पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ. १९९०-९१ मध्ये अंटार्क्टिकातल्या जर्मन ठाण्यावर अख्खा हिवाळा नऊ जणींनी काढला. प्रमुख होत्या डॉक्टर मोनिका पुस्केपेलाइट, आणि पुरुष एकही नाही! आपल्या इस्रोच्या मंगला मणी छप्पन्नाव्या वर्षी 'भारती' ठाण्यावर गेल्या आणि वर्षाहून जास्त राहिल्या, तेवीस जणांत एकट्या बाई. मुलीनं गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडं चौकशी करावी. भारताच्या मोहिमांचं काम तिथूनच चालतं.

आता तयारीचं थोडं. ती शाकाहारी असेल तर निघण्याआधीच लेखी कळवायला सांगा. ऐनवेळी भर समुद्रात आचारी तरी काय करणार? दात आधी तपासून घ्यावेत. चष्मा असेल तर दुसरी जोडी हवीच. चुरचुरणाऱ्या ओठांना लावायला काहीतरी आणि हाताला चोळायला साधं व्हॅसलीन. कपड्यांचं म्हणाल, तर एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा पातळ थर एकावर एक घालावेत. थरांमध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब धरते. आपली गोधडी हेच करते. वरचा वाराप्रतिबंधक पोशाख आणि बूट सहसा मोहीमच देते. अंगालगतचा कपडा मात्र लोकरीचा हवा. सुती कपडा घामानं ओला होतो, वाळत नाही, आणि त्या थंडीत ओलं कापड अंगाला चिकटलं की हुडहुडी थांबत नाही. सुती बनियन तेवढे घरीच ठेवायला सांगा.