‘कळ सोसत नाही’ हा दोष कोणाचा?

संध्याकाळच्या वेळी धंतोलीत पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना रुग्णालयांच्या पाट्या, औषधांची दुकाने आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने हॉर्न वाजवीत सरकणाऱ्या मोटारी. साऱ्या विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येथे येतात. येथील एका प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षालयात परवा काही वेळ बसण्याचा योग आला. शेजारच्या बाकावर दोन प्रौढ भगिनी बोलत होत्या. त्यांपैकी एकीच्या सुनेचे सिझेरियन नुकतेच पार पडले होते. ‘‘अहो वहिनी, आजकालच्या मुलींना कळ सोसतच नाही. आम्ही तिघांना जन्म दिला, पण हूं की चूं केले नाही!’’ दुसरीने मान डोलावली. आत भूल उतरण्याची वाट पाहत पडलेल्या त्या मुलीच्या कानी हे वाक्य आज ना उद्या जाणारच होते. मातृत्वाचा पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी पदरी नापासाचा शेरा!

हा शेरा आपल्या सुशिक्षित, संस्कारसंपन्न म्हणवणाऱ्या घरांतूनही सर्रास मारला जातो. मुली नाजूक झाल्या, चैनीला सोकावल्या, म्हणून सिझेरियन वाढले, असे हे सोपे निदान आहे. ते खरे आहे काय? भावनेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आकडेच पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ९ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होत होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले, तर महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आढळले. अवघ्या पंधरा वर्षांत एखाद्या देशातील स्त्रियांचा स्वभाव बदलतो काय? याहून बोलका आकडा पुढे आहे. याच सर्वेक्षणात सरकारी रुग्णालयांतील सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के आहे. देश तोच, वर्षे तीच. मग दार बदलताच सहनशक्ती तिपटीने कशी घटते? खासगीत जाणारी स्त्री वयाने अधिक असते, सधन असते, काही वेळा स्वतःच शस्त्रक्रिया मागते, हे मान्य. परंतु गुंतागुंतीचे किती तरी रुग्ण अखेरच्या घटकेला मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांकडेच धाडले जातात, हेही नागपूरकरांना ठाऊक आहे. तेव्हा एवढ्या मोठ्या तफावतीचे खापर सुनेच्या स्वभावावर फोडता येणार नाही. कळा किती तास चालतील याचा नेम नसतो. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, तिची वेळ ठरवता येते आणि तिचे देयकही मोठे असते. व्यवस्थेची ही सोय आणि मुलीवर मारलेला शेरा, यांत खरे कारण कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

मग गर्भवतीच्या स्वभावाचा बाळंतपणाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो गांभीर्याने घ्यावा असा आहे. ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकळ्या वृत्तीच्या आणि भावनिकदृष्ट्या स्थिर मातांची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचे प्रमाण अधिक आढळले. बाळंतपणाच्या अतोनात भीतीला वैद्यकशास्त्राने २००० साली ‘टोकोफोबिया’ असे स्वतंत्र नाव दिले. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने भीतीमुळे शरीर आखडते आणि आखडल्याने वेदना वाढते, असे मांडले होते. प्रत्येक स्त्रीची प्रकृती वेगळी असते. एखादी सारे काही आधी ठरवल्यावाचून स्वस्थ बसत नाही. तिला निश्चित तारीख हवीशी वाटते. एखादी मनातली भीती कोणाजवळ बोलतच नाही. तिसरी एवढी जिद्दी असते, की बाळाचे ठोके मंदावत असतानाही ‘नॉर्मलच हवे’ म्हणून अडून बसते. तिची ती जिद्द बहुधा अशाच शेऱ्यांच्या भयातून आलेली असते. हा टोमणा काहींना नको त्या शस्त्रक्रियेकडे ढकलतो आणि काहींना हव्या त्या शस्त्रक्रियेपासून रोखतो!

स्वभाव हा गुन्हा नव्हे. वैद्याने आणि घराने आधी ओळखावी अशी ती गोष्ट आहे. स्वीडनमधील रुग्णालयांत बाळंतपणाचे भय बाळगणाऱ्या गर्भवतींसाठी अनुभवी सुईणींची समुपदेशन-व्यवस्था आहे. ‘घाबरट’ म्हणून तेथे कोणी त्यांना हिणवीत नाही.

हे ऐकून ‘परदेशाचे कौतुक पुरे’ असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच आयुर्वेदाकडे वळावे. सुश्रुताने गर्भवतीला ‘दौहृदिनी’ म्हटले. दौहृदिनी म्हणजे दोन हृदये धारण करणारी. तिची इच्छा डावलू नये, असे त्याने बजावले. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच परंपरेतला. चरकसंहितेतील शारीरस्थान तर सूतिकागाराची सिद्धता नवव्या महिन्याआधीच करायला सांगते आणि प्रसववेळी सोबतीला कोणत्या स्त्रिया असाव्यात, याचे गुण मोजून देते. त्या स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, प्रसंग ओळखण्यात कुशल, विषाद टाकून दिलेल्या आणि क्लेश सहन करणाऱ्या असाव्यात. ‘क्लेशसहिष्णुता’ हा गुण चरकाने येथे सोबतीणींच्या अंगी मागितला आहे! आपण मात्र तो सारा भार एकट्या त्या मुलीवर टाकला आणि सोबतीणींची जागा प्रतीक्षालयातील बाकावर नेऊन ठेवली.

आधुनिक शास्त्र आज याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. १७ देशांतील २६ चाचण्यांचा आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. कळा सुरू झाल्यापासून सतत कोणी जवळ असेल, तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि सिझेरियनची घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. केंद्र सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. आणि तरीही किती मुली आज अनोळखी छताकडे पाहत, अनोळखी आवाजांच्या दरडावण्या ऐकत एकट्या कळा देतात! अशा एकांतात कोणाचेही धैर्य खचेल. त्याला नाजूकपणा म्हणणे हा अन्याय आहे.

नागपूरला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट या बालविधवेने, वेणूताई नेने यांच्या साथीने, १९२१ साली याच नगरात मातृ सेवा संघाची स्थापना केली. ज्या काळात बाळंतीण अंधाऱ्या खोलीत आणि अशिक्षित हातांत सोपवली जाई, त्या काळात प्रशिक्षित हात आणि आपुलकीचा शब्द या दोहोंची गरज त्यांनी ओळखली होती. धंतोलीला लागून असलेल्या सीताबर्डीत त्या सेवाकार्याची वास्तू आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या नगराने हा वस्तुपाठ घातला, त्याच नगरात आज आपण यंत्रांची चौकशी करतो, खोलीच्या भाड्याची करतो. पण रात्री दोन वाजता आपल्या लेकीचा हात कोण धरणार, हे विचारत नाही.

‘आमच्या वेळी’ची थोरवी गाणाऱ्यांनी त्या काळाचा हिशेबही पूर्ण द्यावा. त्या वेळी ज्या घरी परतल्या नाहीत, त्यांना बोलता येत नाही. २००१-०३ या काळातही महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ पर्यंत खाली आली. या यशात रुग्णालयांचा, कुशल डॉक्टरांचा आणि योग्य वेळी केलेल्या सिझेरियनचा मोठा वाटा आहे. म्हणून शस्त्रक्रिया हा शत्रू नव्हे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले, की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्याने मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. अनावश्यक शस्त्रक्रियेचा व्रण पुढच्या गरोदरपणातही धोका निर्माण करतो.

आता एक कटू सत्य आपल्याच घरातले. ज्योतिषाकडून मुहूर्त काढून त्या घटिकेला पोट उघडायला लावणारी कुटुंबे कोणती? ती आपलीच आहेत. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, कारणाविना शस्त्रक्रियेने काढलेल्या बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, हे वैद्यक सांगते. जन्माची वेळ मूल आणि निसर्ग ठरवतात. कुंडली ही झालेल्या जन्माची मांडायची असते. पुढे जन्मच कुंडलीला जुळवून घेणे, ही धर्मनिष्ठा कोणत्या शास्त्रातली? आणि सून स्वतः भीतीपोटी शस्त्रक्रिया मागेल तर ती भित्री, मात्र सासऱ्यांनी मुहूर्तासाठी मागितली तर ते श्रद्धाळू, हा न्याय कुठला?

आपण गर्भसंस्काराच्या वर्गांना नाव घालतो, डोहाळजेवण थाटाने करतो. ते जरूर करावे. पण त्याच सातव्या महिन्यात मुलीजवळ बसून तिला भीती कशाची वाटते, हे विचारावे आणि ती सांगेल ते न हसता ऐकावे. डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे, पण ठामपणे विचारावेत. तुमच्याकडे सिझेरियनचे प्रमाण किती? कळांच्या वेळी सोबतीण आत राहू शकेल काय? वेदना कमी करण्याचे कोणते उपाय उपलब्ध आहेत? यानंतर निर्णय तिच्या प्रकृतीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि तिच्या संमतीने व्हावा. तो कोणताही असो, बाळाला मांडीवर घेण्याआधी त्याच्या आईच्या मस्तकावरून हात फिरवावा.

मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाची खरी परीक्षा प्रतीक्षालयातील त्या बाकावर होते. त्या दिवशी त्या मुलीला आपल्या घरून कोणते वाक्य ऐकू जाणार आहे?