अवशेष पाहावेत, भाषाही ऐकाव्यात

मोठ्या शहरांतील काही शाळांच्या शैक्षणिक सहली आता परदेशी जाऊ लागल्या आहेत. प्राचीन अवशेष पाहणे आणि तेथील मूलनिवासींच्या संस्कृतीचा परिचय करून घेणे, असा त्यांचा कार्यक्रम असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांतील पालकांना तो खर्च झेपणारा नाही. परंतु त्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. आपल्या मुलांची अभ्याससहल भोपाळला न्यावी आणि तेथे अवशेषांइतकाच वेळ जिवंत भाषांना द्यावा, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे. ही दुधाची तहान ताकावर भागवणे नव्हे. सीमाभागातील मुलाला जे शिकणे सर्वाधिक निकडीचे आहे, ते तेथेच शिकता येते.

भोपाळपासून पन्नास किलोमीटरच्या आत भीमबेटका आहे. १९५७ मध्ये तेथील चित्रित शैलाश्रय अभ्यासकांच्या नजरेस आणले ते विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेला हा मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर राहूनच मोठा झाला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. २००३ मध्ये या स्थळाचा समावेश जागतिक वारशात झाला. त्या वेळच्या नोंदीत एक महत्त्वाची गोष्ट आहे : परिसरातील एकवीस गावांच्या सांस्कृतिक परंपरांचे या चित्रांतील जीवनाशी ठळक साम्य आढळते. म्हणजे खडकावरचे जग संपलेले नाही. त्याचे वारस शेजारच्या गावांत नांदत आहेत.

दुसऱ्या दिशेला सांची. तेथील दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान कोरलेले आहे आणि विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचेही. भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी अशा शेकडो सामान्यांची नावे त्या दगडांवर प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलण्याजवळच्या भाषेत, टिकून आहेत. या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द ‘दानं’ असावा, हे जेम्स प्रिन्सेपने ओळखले आणि त्यातून १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली. पाटीवर कोणती भाषा असावी, या वादात वाढलेल्या बेळगावच्या मुलाला त्या दगडाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. सामान्य माणसाची भाषा सार्वजनिक ठिकाणी कोरली गेली, म्हणूनच दोन हजार वर्षांनी त्याचे नाव वाचता येते.

खरी परीक्षा भोपाळच्या श्यामला टेकडीवर आहे. तेथे राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे आणि २०१३ मध्ये खुले झालेले जनजातीय संग्रहालय आहे. गोंड, भिल्ल, कोरकू, बैगा यांची घरे आणि चित्रे पाहून मुले हरखून जातात, छायाचित्रे काढतात आणि त्या लोकांच्या भाषेतील एकही शब्द न ऐकता बाहेर पडतात. माणसे अशी वस्तूंसारखी पाहून परतणे हे शिक्षण नव्हे. शिक्षकांनी गोंडी बोलणारी एखादी व्यक्ती आधीच निमंत्रित करावी आणि तिच्याकडून केवळ आकडे म्हणून घ्यावेत. उंडी, रंड, मूंद, नालूंग. आपली मुले कान टवकारतील, कारण ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु हे आकडे त्यांना पाठ आहेत. गोंडी ही कन्नडप्रमाणेच द्राविड कुळातील भाषा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला न दिसणारे हे नाते आपल्या मुलाला चटकन दिसेल. जी भाषा सक्तीच्या रूपाने समोर आली म्हणून मनात अढी बसली, तीच येथे किल्ली ठरेल. विरोध सक्तीला असावा, भाषेला नव्हे, हे एरवी दहा व्याख्यानांनी पटत नाही.

सहलीची एक संध्याकाळ अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारासाठी राखून ठेवावी. आपल्या मुलाचे वांगे शाळेच्या रस्त्यावर बदनेकाई होते आणि भोपाळात बैंगन; बटाटा तेथे आलू होतो. हा ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीजांच्या मार्फत कॅरिबियन बेटांवरील मूलनिवासींच्या भाषेतून आपल्याकडे आला. परदेशातील मूलनिवासी संस्कृतीचा हा ठेवा आपण रोजच्या भाजीत वापरतो. त्यासाठी विमान लागत नाही.

आता कायद्याचे. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, बैतूल, छिंदवाडा, बालाघाटचे मराठी भाषक तिकडेच राहिले आणि भोपाळ राजधानी झाले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. आपण सीमावासी गेली अनेक दशके त्याचा आधार घेत आलो आहोत. परंतु तो अनुच्छेद केवळ मराठीसाठी लिहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख होती. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. मेळघाट आणि बैतूल यांच्यामध्ये कोरकू भाषकही आपल्यासारखेच राज्यसीमेने विभागलेले आहेत. खुद्द महाराष्ट्रात, गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयात जावे लागले.

स्वतःसाठी मागितलेला हक्क दुसऱ्यासाठी मागताना जीभ अडखळत असेल, तर तो युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात दुबळाच ठरतो. आपली पुढची पिढी हा खटला चालवणार आहे. तिला मोहगावबद्दल माहीत असले पाहिजे आणि गोंडीत चारपर्यंत तरी मोजता आले पाहिजे. येत्या हिवाळ्यातील सहलीचे ठिकाण ठरवताना शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.